वरचं सप्तक

वाऱ्याला वाचता येत नाही, पण पानं उलटायची भारी हौस.
म्हणून हेल्वीने गावभर फिरून कपड्यांचे चिमटे गोळा केले,
लाकडी, प्लॅस्टिकचे, गंजक्या स्प्रिंगचे,
एक पिवळा, बदकाच्या तोंडाचा.
तो दुसऱ्या बासरीच्या वाट्याला आला.

लेप्पालाहतीच्या धक्क्यावर, जिथे एरवी ओंडके उतरतात,
तिथे आज बेचाळीस खुर्च्या,
आणि ट्रॅक्टरमागून आलेला काळा पियानो,
प्रवासाने जरा चिडलेला.
दुपारच्या उन्हात त्याचा सूर उतरतो,
संध्याकाळी तळ्याची ओल लागली की चढतो.
एकावन्न वर्षं मी त्याची समजूत काढतो आहे.
दोनशेवर तारा, एक किल्ली, माझे कान.

कानांचं सांगायला हवं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी डास अचानक गप्प झाले.
चावायचे तसेच, पण गुणगुण नाही.
मला वाटलं, सभ्य झाले असतील.
मग एका सकाळी अगदी उजवीकडच्या पट्टीवर बोट ठेवलं
तर आलं नुसतं लाकडाचं टक्.
हातोडी तारेवर पडलेली दिसली.
तार थरथरलेली दिसली.

कुणाला बोललो नाही.
शेवटच्या अकरा पट्ट्या आता फोनमधल्या सुईवर लावतो,
झाकणाआड वाकून,
उपासाच्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या
कुणी काही तोंडात टाकावं तसा.

पाचला इंकेरी आली. बोटं कापलेले लोकरी हातमोजे, जुलैत!
चार सूर दाबून पाहिले, म्हणाली, "छान लागलाय, ताउनो."
मी मान हलवली. खालीच बघत.

रात्रीचे नऊ, आणि ऊन अजून भूर्जांच्या शेंड्यांवर.
माणसं घोंगड्या पसरून ओल्या वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलेली,
कट्, कट्, कुणी ताल धरल्यासारखी.
चेलोवर आमचा दातांचा डॉक्टर.
निर्देशकाची काठी एकदा मात्रा सोडून गेली, ती डासामागे,
व्हायोलिनवाल्या मुली तिच्याही मागून गेल्या
आणि गुपचूप परत आल्या.

मग बाकीचे थांबले. ती एकटी वर चढू लागली.
मी जिन्यावर तिच्या मागोमाग,
हा टप्पा माझा, हाही माझा,
इथे सकाळी किल्ली घसरली होती,
आणि एका वळणावर माझ्यापुरता जिना संपला.
ती चढतच राहिली.
पायऱ्या नसलेल्या हवेत तिची दहा बोटं.

मी मंचाकडे पाठ केली आणि माणसं बघू लागलो.
आता तेच माझे कान.
बसचालक कौकोचं तोंड उघडं.
शेंगा सोलणं थांबलेलं.
एका तांबूस कुत्र्याने उजवा कान उभा केला, फक्त उजवा.
का? चुकलं का काही? तिसरी तार? नववी पट्टी?
पुढच्या घोंगडीवर सहा वर्षांची मुलगी,
गालात वाटाणा,
चावायचं विसरलेली.
किती वेळ विसरलेली, ते मी मोजलं.
मग तिने चावला, आणि मला कळलं, तो सूर संपला.

टाळ्या मात्र ऐकू आल्या. टाळ्या जाड असतात.

इंकेरीचे हात आता गरम. मनगटावर डासाची लाल गांधी.
"वरची एक तार," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून थांबली.
"उद्या बघतो," मी म्हणालो.
उद्या पियानो परत जायचा आहे, हे दोघांनाही ठाऊक.

अकरा वाजता, तळं अजून पितळेच्या रंगाचं,
हेल्वी चिमटे मोजत होती. एक कमी.
बदक बासरीवालीच्या केसांत अडकून गेलं होतं.
मोजता मोजता तिने माझ्या कानाशी फट्‌कन टाळी वाजवली.
"केव्हाचा गुणगुणत होता."
"कोणत्या सुरात?" मी विचारलं.

तिने टोपली खाली ठेवली. जरासा विचार केला.
आणि तो सूर खाली, चांगला दोन मजले खाली आणून,
माझ्या हाताला येईलसा,
मला म्हणून दाखवला.